चैत्य म्हणजे लेणे नव्हे

'दादरला लेणे नाही, खांबांची रांग नाही, मग त्या जागेला चैत्यभूमी का म्हणायचे? चैत्य तर कार्ल्याला आहे,' असे एका वाचकाने विचारले आहे.

कार्ल्याला चैत्य आहेच, पण तो आत, अगदी शेवटाला, कातळातून कोरलेला स्तूप. त्याच्याभोवतीचे दालन ते चैत्यगृह. देव आणि देऊळ यांत जेवढा फरक, तेवढाच हा. तरी दर पावसाळ्यात लेण्यांच्या पायऱ्या चढताना 'केवढा मोठा चैत्य!' ऐकू येतेच, आणि दरवेळी जीव तुटतो. ज्यांनी दान देऊन ही लेणी कोरवली त्यांनी हा घोळ घातलेला नाही. लेण्याद्रीला कल्याणच्या सुलसदत्ताने आपले दान 'चेतियघर' म्हणून नोंदवले; चेतिय म्हणजे चैत्यच. कार्ल्याला वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल 'सेलघर' म्हणतो, म्हणजे शैलगृह, जंबुद्वीपात उत्तम. दोघांच्याही लेखात आपले रोजचे 'घर' आहे!

दुसरी चूक 'चैतन्या'ची. चैत्य हा चित्‌पासून, जाणिवेपासून आला असे हल्ली भाषणांतून सांगतात. तसे होत नाही. चित्तापासून 'चैत्त' होते, दोन त असलेले. चैत्याच्या मुळाशी चि धातू आहे: रचणे, ढीग करणे. चयन, संचय त्याचेच. रचलेली ती चिता. संस्कृत व्याकरणकार पाणिनी 'चित्य' हा शब्द अग्नीसाठी सिद्ध करून देतो आणि त्या चित्याचे ते चैत्य.

अमरसिंहाचा अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश मात्र 'चैत्यमायतनं तुल्ये', म्हणजे चैत्य आणि आयतन (पूजास्थान) एकच, एवढे सांगून पुढे जातो. त्याच अमरसिंहाने एडूक म्हणजे आत हाडे ठेवलेली भिंत हे नेमके टिपले आहे. अस्थी एडूकाला दिल्या आणि चैत्याला नुसते 'आयतन'? हे मला मुळीच पटत नाही. अमरकोशाचा आधार घेणारे वैशालीची उदेन, गोतमक, चापाल ही चेतिये पुढे करतात. बुद्धाच्या हयातीतच ती होती, तिथे कुणाच्या अस्थी, असे विचारतात. माझे उत्तर असे, की झाडाखालचा पारही रचलेलाच असतो. आधी रचणे, पूजा मागाहून. आणि पूर्वेकडे मृतांसाठी ढीग रचत होते याला बौद्धांबाहेरचा पुरावा आहे. शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ सांगतो, की देवांच्या बाजूचे लोक आपले श्मशान चौकोनी करतात, पूर्वेकडचे आणि इतर असुरपक्षीय ते गोल करतात. तिथे श्मशान म्हणजे जाळण्याची जागा नव्हे, अस्थींवर रचलेला उंचवटा. गोल उंचवटा, आणि तोही पूर्वेकडे! स्तूपाचे याहून जुने वर्णन आणखी कोणते हवे?

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायात आहे: 'निवासचितिशरीरोपसमाधानेष्वादेश्च कः'. निवास, चिती (अग्नीसाठी रचलेली वेदी), शरीर आणि रास या अर्थांनी चि धातूला प्रत्यय लागला की आरंभीच्या च चा क होतो. म्हणजे 'काय'. आपली काया! शरीर हाही एक ढीगच, आणि तो ज्या ढिगावर जळतो ती चिता, राखेतून उचललेल्या अस्थींवर रचतात ते चैत्य. तिन्ही शब्द एका धातूचे. बुद्धवचनांच्या संग्रहांना 'निकाय' म्हणतात, तोही इथलाच. हे पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

बुद्धाच्या बाबतीत अक्षरशः हेच घडले. कुशिनाऱ्याला दहन झाले, द्रोण नावाच्या ब्राह्मणाने अस्थींचे आठ वाटे केले, त्यांवर आठ स्तूप उभे राहिले. वाटणीचे भांडे द्रोणाने स्वतःसाठी मागून घेतले, त्यावर नववा. उशिरा पोचलेल्या पिप्फलिवनाच्या मोरियांच्या हाती फक्त कोळसे लागले, त्यांवर दहावा. भाजे लेण्यांत चौदा स्तूप दाटीने उभे आहेत, काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावे कोरलेली, 'थूप' या शब्दासकट. आंध्रातल्या अमरावतीच्या लेखांत मोठ्या स्तूपालाच 'महाचेतिय' म्हटले आहे. तेव्हा स्तूप आणि चैत्य हे दोन वेगळे वास्तुप्रकार म्हणून पाठ करून घेणाऱ्यांनी अमरावतीचे लेख एकदा वाचावेत.

दादरला 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांची चिता रचली गेली. तिथेच आज त्यांच्या अस्थींवरचा स्तूप आहे. कार्ल्याच्या दालनाला चैत्य म्हणणे हीच पुढची ढिलाई आहे. दादरचा शब्द धातूला धरून आहे.