विटेचे उपयोग विचारण्याआधी

ठाण्यातल्या कॉलेजांत सर्जनशीलतेवर प्रकल्प करताय, तर मानसशास्त्रज्ञ गिलफर्डची ‘नेहमीच्या वस्तूचे वेगळे उपयोग’ ही चाचणी घ्या. वस्तू दोन, वीट आणि वर्तमानपत्र. प्रत्येकी 3 मिनिटं. सूचना मात्र कागदावरून वाचा. ‘जास्तीत जास्त लिहा’ म्हटलं की संख्या वाढते, ‘कल्पक लिहा’ म्हटलं की संख्या घटते पण दर्जा सुधारतो. दोन वर्गांना वेगवेगळं सांगितलंत तर तुलना गेलीच.

खरी गोची गुण देण्यात आहे. प्रत्येक दुर्मीळ उत्तराला एक गुण देऊन बेरीज केली, तर भरपूर लिहिणाराच कल्पक ठरतो. त्यापेक्षा उत्तरं टाइप करा (हस्ताक्षरावरून मत बनतं), नावं काढा, क्रम मिसळा आणि किमान दोघांकडून स्वतंत्रपणे प्रत्येक उत्तराच्या कल्पकतेला 1 ते 5 गुण घ्या. मग प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांची बेरीज नको, सरासरी काढा. कुणी मराठीत, कुणी इंग्रजीत लिहील. लिहू द्या, फक्त भाषेची नोंद ठेवा.