तीन पेन्सांची कादंबरी लिहिणाऱ्याला

प्रिय दोस्ता,

१७७३ मधे बॉस्टनच्या लोकांनी कंपनीचा चहा बंदरात फेकला, त्यावरच्या तुझ्या कादंबरीची ऐंशी पानं वाचली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, म्हणून उत्तराला उशीर झाला. मधे तू तीनदा "ताई वाचलं का" असा मेसेज टाकलास तेव्हा मी मुद्दामच गप्प बसले, अर्धवट वाचून "मस्त जमलंय" असं ठोकून द्यायची मला सवय नाही.

जमलंय तसं बरंच. बॉस्टनची थंडी जमलीये, धक्क्यावरचा माशांचा वास जमलाय. पण तुझी माणसं भाषणं फार करतात रे. "प्रतिनिधी नाही तर कर नाही" (म्हणजे लंडनच्या संसदेत आमचा माणूस नाही, तर तिने आमच्यावर कर लावायचा नाही) ही घोषणा मी सहा वेळा मोजली, त्यात एकदा तर माणूस जेवताना म्हणतो, बायकोला. कोण बोलतं असं घरात? आपल्याकडे पाणीपट्टी वाढली की माणूस बायकोला तत्त्व सांगत नाही, बिल टेबलावर आपटतो आणि "हे बघ" म्हणतो. तुझ्या कादंबरीत ते बिल कुठेच दिसत नाही, ते आधी आण.

स्टॅम्प अ‍ॅक्टचंच घे. तू अर्ध्या पानात उरकलास, आणि मराठी वाचकाला सगळ्यात पटकन कळेल अशी गोष्ट तीच होती, कारण भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट करताना स्टॅम्पपेपरसाठी रांगेत उभं राहिलेला आपला प्रत्येक माणूस आहे. १७६५ चा कायदा म्हणजे तेच, फक्त कोर्टाचे कागद, जमिनीचे व्यवहार, वर्तमानपत्रं, पंचांगं असं सगळंच शिक्क्याच्या कागदावर. पत्त्यांच्या एका कॅटवर १ शिलिंग, फाशांच्या एका जोडीवर १० शिलिंग! खलाशांच्या गुत्त्यात हा आकडा पहिल्यांदा कळतो तो सीन लिही ना. आणि शिक्का शाईचा नव्हता, कागदात उठवलेला होता, बोट फिरवलं की लागणारा. एखाद्या छापखान्यातल्या पोराला त्यावरून बोट फिरवू दे, अख्खं भाषण वाचेल तुझं.

आता एक गोष्ट जी तुझ्या ड्राफ्टमधे सरळसरळ चुकलीये. तू लिहिलंस की चहा महाग झाला म्हणून लोक पेटले. उलटं आहे! १७७३ च्या टी अ‍ॅक्टने चहा स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडालेली, लंडनच्या गोदामांत चहा तुंबलेला, तर सरकारने कंपनीला सांगितलं की थेट अमेरिकेत माल पाठवा, मधले दलाल नकोत. फक्त वजनी पौंडामागे ३ पेन्सांची जुनी जकात तेवढी ठेवली. म्हणजे स्वस्त चहा प्या आणि पिता पिता आमचा कर लावायचा हक्क मान्य करा. हा डाव होता, आणि तो चिडवणारा होता तो याच्यामुळे. शिवाय हॉलंडकडून चोरटा चहा आणून गबर झालेले व्यापारी होतेच, त्यांचं तर दुकानच बसणार होतं. तू त्यांना धुतल्या तांदळाचे केलेस. करू नकोस. बॉस्टनचा बडा व्यापारी जॉन हॅनकॉक, त्याचं 'लिबर्टी' जहाज १७६८ मधे जकातवाल्यांनी पकडलं ते मदेरा बेटाच्या वाइनवरची जकात चुकवल्याच्या भानगडीवरून. देशप्रेम आणि धंदा एकाच खिशात असतात, आणि वाचक एवढा भोळा नाहीये की त्याला हे लपवून ठेवावं.

बरं, आता प्लॉट. तू मला फोनवर म्हणालास, मधल्या भागात काही घडतच नाही, नुसत्या मीटिंगा. अरे बाबा, तुझ्या हातात टाइमबॉम्ब आहे आणि तू तो पाटावर ठेवून आरती करतोयस! बघ. चहा घेऊन 'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबर १७७३ ला बंदरात आलं. बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात भरायची, नाहीतर कस्टम्सवाले माल जप्त करणार, आणि जप्त केलेला माल ते विकणार म्हणजे चहा शेवटी उतरणारच. जकात भरायला लोक देत नाहीत. माल परत न्यायला कस्टम्स क्लिअरन्स देत नाही. क्लिअरन्सशिवाय बंदरातून निघायला गव्हर्नर पास देत नाही, आणि बाहेर किल्ल्याच्या तोफा. चारही दारं बंद. आणि यात सगळ्यात जास्त कोण पिचतो तर जहाजाचा मालक फ्रान्सिस रॉच, तेविसेक वर्षांचा पोरगा, तुझ्याहून लहान. १६ डिसेंबरला बॉस्टनकरांच्या सभेने त्याला मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सनकडे, जवळच्या मिल्टन गावी पाठवलं, शेवटचा पास मागायला. ओल्ड साउथ मीटिंग हाउसमधे आणि बाहेर मिळून पाच हजारांच्या आसपास लोक त्याची वाट बघतायत, मुदत रात्री संपणार, डिसेंबरचा अंधार लवकर पडलेला, आणि हा पोरगा घोड्यावरून "नाही" हे उत्तर घेऊन परत येतोय. त्याचं जहाज जाळतील का हेही त्याला माहीत नाही. मी असते तर तीस पानं त्या परतीच्या रस्त्यावरच घालवली असती. तू दोन ओळींत "रॉच रिकाम्या हाताने परतला" लिहून मोकळा झालास.

हचिन्सनला पण जरा माणूस कर. हा बॉस्टनचाच, तिथेच जन्मलेला, साहेबाने बाहेरून पाठवलेला नाही. स्टॅम्प अ‍ॅक्ट त्यालाही पसंत नव्हता, पण कायदा झाला म्हणजे पाळायचा या मताचा. त्याचं घर ऑगस्ट १७६५ मधे जमावाने भिंतीचं लाकूडकाम उखडण्यापर्यंत लुटलं, मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाची त्याने लिहिलेली हस्तलिखितं रस्त्यावरच्या चिखलात फेकली, ती कोणीतरी उचलून आणली. चिखल लागलेले ते कागद टेबलावर घेऊन बसलेला माणूस आठ वर्षांनी पास देईल का? आणि चहा ज्यांच्या नावावर येणार होता त्यात त्याचीच मुलं. हे सगळं एकाच माणसात आहे. तू त्याच्या मिशीला पीळ दिलास. तेव्हा तिकडचे साहेब मिश्या ठेवतच नव्हते, ते जाऊ दे.

नायक मात्र बदल असं मी स्पष्टच सांगते. तुझा वकील कंटाळवाणा आहे. जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ज ह्यूझ म्हणून एक बूट शिवणारा होता, पाच फूट एक इंच उंच, कर्जापायी तुरुंगात जाऊन आलेला. (आणि याला मराठीत जातीचा शब्द लावू नकोस, वाचक लगेच आपली उतरंड तिकडे नेतो आणि सगळं बिघडतं. 'बूट शिवणारा' पुरे.) हा बूट शिवायचं काम शिकत असताना हॅनकॉकचा बूट दुरुस्त करतो, हॅनकॉक खूष होऊन नवीन वर्षाला घरी बोलावतो. पोरगा धुवून-पुसून त्या हवेलीत जातो, स्वयंपाकघराच्या दाराने, थरथरत, पाठ केलेलं वाक्य म्हणतो, हॅनकॉक त्याच्याबरोबर ग्लास लावतो, एक नाणं देतो, आणि हा सुटलो बुवा म्हणून पळतो. आता तोच माणूस १६ डिसेंबरच्या रात्री तोंडाला काजळी फासून ग्रिफिन्स व्हार्फ या धक्क्यावर आहे. तीन जहाजं, ३४२ पेट्या, जवळजवळ ४२ टन चहा पाण्यात. आणि म्हातारपणी तो सांगत राहिला की माझ्या शेजारी पेटी फोडायला हॅनकॉक स्वतः होता, मी त्याच्या झालरीवरून ओळखला. हॅनकॉक तिथे असण्याची शक्यता जवळपास शून्य आहे. पण ह्यूझला तो दिसला. थरथरत बूट घेऊन गेलेल्या पोराला त्या रात्री हॅनकॉक आपल्या बरोबरीने घाम गाळताना दिसला, मला वाटतं ३ पेन्सांत त्याने काय विकत घेतलं ते हेच. कादंबरी इथे आहे दोस्ता, भाषणांत नाही.

त्या रात्रीचे तपशील वापर. ओहोटी होती, पाणी इतकं उथळ की चहाचे ढीग पाण्याबाहेर येऊ लागले, पोरांना उतरून ते पसरावे लागले. एक जण कोटाच्या अस्तरात चहा भरताना सापडला तर त्याला बदडलं. जॉन क्रेन नावाच्या सुताराच्या डोक्यात काहीतरी जड पडलं, मेला समजून मित्रांनी त्याला सुतारशाळेत भुश्शाखाली लपवलं, आणि काम संपवून बघतात तर जिवंत!

पण तिथेच थांबू नकोस. पुढच्याच महिन्यात, २५ जानेवारी १७७४, जॉन माल्कम हा जकात अधिकारी रस्त्यात एका पोरावर काठी उगारतो, ह्यूझ मधे पडतो, माल्कम त्याच्या डोक्यात काठी घालतो. हा शुद्धीवर आल्यावर वॉरंट काढायला जातो, कायदेशीर. जमाव मात्र माल्कमला घरातून ओढून, कडाक्याच्या थंडीत कपडे उतरवून, अंगावर गरम डांबर ओततो, वर पिसं. डांबराबरोबर कातडी निघाली त्याची. तुझ्या मॅन्युस्क्रिप्टमधे डांबर-पिसांचा प्रसंग विनोदी आहे. परत लिही, आणि या वेळी ह्यूझच्या डोळ्यांनी लिही.

अजून एक. 'डार्टमथ'वर चहाबरोबर फिलिस व्हीटलीच्या कवितांचे छापील गठ्ठे आले होते. बाईला लहानपणी आफ्रिकेतून आणून १७६१ मधे बॉस्टनमधे विकलं होतं. आणि चहा आला त्याच वर्षी, १७७३ च्या जानेवारीत, बॉस्टनच्या गुलामांनी याच हचिन्सनकडे अर्ज केला होता की आमचंही बघा. रोज "आम्हाला गुलाम बनवतायत" म्हणून ओरडणाऱ्या शहरात. तुझ्या ऐंशी पानांत एकही काळा माणूस बोलत नाही, चहा मात्र चौदा वेळा ओततो.

आपल्याकडचा धागा तू प्रस्तावनेत फार ताणलायस, पेशवाई वगैरे. धागा खरा आहे पण बारीक आहे, कंपनी तीच. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या फिलाडेल्फियापर्यंत पोचल्या होत्या, तिथल्या चहाविरोधी पत्रकात दाखला आहे की आशियात यांनी काय केलं ते बघा. आणि मार्च १७७५ मधे मुंबईकर इंग्रज सुरतेला राघोबादादांशी तह करत होते, एप्रिलमधे बॉस्टनजवळ लेक्झिंग्टनला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या गोळ्या सुटल्या. एका परिच्छेदात बसतं ते, जास्त नको.

शब्दांचं बघ. 'बॉस्टन टी पार्टी' हे नाव पन्नासएक वर्षांनी रूढ झालं, तेव्हाचे लोक नुसतं "चहाचा नाश" म्हणायचे. तुझा नायक दुसऱ्याच दिवशी बायकोला "काल टी पार्टी झाली" म्हणतो. "आम्ही अमेरिकन" पण काढ, ते स्वतःला इंग्रज समजायचे आणि म्हणून तर एवढा राग होता. "क्रांती येतेय" असं तर कोणीच म्हणायचं नाही, कोणाला माहीत होतं?

शेवटचं, पान एकाहत्तर. धक्क्यावर एक जण काडी ओढून कंदील लावतो. काड्या यायला अजून पन्नास वर्षं आहेत राजा. चकमक दे त्याच्या हातात, नाहीतर शेजारच्या कंदिलावरून पेटवू दे. हसू नकोस, पण माझ्या पहिल्या कादंबरीत पानिपतावर निघालेल्या बाईने चूल काडेपेटीने पेटवली होती. माझ्या, टायपिस्टच्या, प्रूफ बघणाऱ्याच्या, कोणाच्याच लक्षात आलं नाही. पुस्तक आल्यावर महिन्याभराने एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती, "ताई, काडेपेटी कुठल्या छापाची होती?" ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, आलास की दाखवते.