सगळं व्यवस्थित असूनही कशातच काही चांगलं दिसत नाही, हेच का आध्यात्मिक आंधळेपण?

तुम्ही लिहिलंय की नोकरी, घर, तब्येत सगळं जागेवर आहे, तरी सकाळपासून मनात कुरकुर सुरू असते. पुण्यातल्या कर्वे रोडचं ट्रॅफिक, धूळ, ऑफिस, सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर न चढणारं पाणी. त्यात एका नातेवाइकांनी ‘तू आध्यात्मिकदृष्ट्या आंधळी झाली आहेस’ असं सुनावलं आणि ते तुम्हाला लागलं.

लागणारच. असलं वाक्य ऐकून आजवर कुणाची दृष्टी सुधारल्याचं मला तरी माहीत नाही.

माझा धंदा चष्म्याचा, दुकान लक्ष्मी रोडच्या आतल्या बाजूला. लहान मुलाला पहिल्यांदा मायनस नंबर निघाला की ट्रायल फ्रेम चढवून मी त्याला दारात उभं करतो. समोर बुचाचं झाड आहे. मुलं आधी पलीकडच्या दुकानाची पाटी वाचतात, मग सहज वर बघतात आणि एकदम गप्प होतात. एक मुलगी तर ओरडलीच, “आई, पानं सुटी सुटी आहेत!” तोवर झाड म्हणजे तिला हिरवा गोळा होता. आठवड्याभरात तीच मुलगी परत आली: फ्रेम नाकावरून घसरते, कानामागे टोचतं. पानांचं नावही नाही. मी पॅड दाबून दिले, काडी जरा वाकवून दिली. तिची तक्रार खोटी नव्हती, आणि ती कृतघ्न तर मुळीच नव्हती. नवी दृष्टी अंगवळणी पडली, एवढंच.

डोळ्याचा स्वभावच असा आहे. एका ठिपक्यावर नजर रोखून धरली की कडेचे फिकट डाग थोड्या वेळानं दिसेनासे होतात. ट्रॉक्सलर नावाच्या स्विस डॉक्टरनं हे 1804 साली नोंदवून ठेवलंय. डाग पुसलेले नसतात, नजर जरा हलवली की परत दिसतात. तुमचं पाणी आणि ट्रॅफिक हे सध्या तसे ठिपके झालेत.

आता अध्यात्माचं. गीतेतल्या दोन जागा मला इथे आठवतात. दहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो, तुला कुठल्या कुठल्या गोष्टींत पाहू? कृष्ण नुसतं ‘मी सगळीकडे आहे’ म्हणून मोकळा होत नाही. झाडांत पिंपळ, महिन्यांत मार्गशीर्ष, ऋतूंत वसंत अशी यादीच देतो. अकराव्यात अर्जुनाला विश्वरूप बघायचं असतं. त्यासाठी दिव्यदृष्टीही मिळते. पण ते रूप बघून तो इतका घाबरतो की हात जोडून म्हणतो, तुझं ते ओळखीचं रूप दाखव. समोर नेहमीचा माणूस दिसला तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडतो. प्रवचनात सगळा भर विश्वरूपावर असतो, पण मला खरी गंमत या पुढच्या भागात वाटते. आणि हे सगळं संजयाकडून ऐकतोय कोण, तर धृतराष्ट्र. पहिल्याच श्लोकात ‘माझी मुलं आणि पांडूची मुलं काय करताहेत’ एवढं विचारून तो जो गप्प बसतो, तो अठरा अध्याय संपले तरी चकार शब्द काढत नाही. आंधळेपण म्हणायचंच तर मी त्याला म्हणेन. तुम्ही निदान विचारताय.

म्हणून ‘आयुष्य सुंदर आहे, आनंद घ्या’ असलं काही मी सांगणार नाही. त्या यादीसारखी एकेक गोष्ट धरा, नावगावासकट. कसब्यातल्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, जाऊन या. ठोक्यांचा आवाज डोक्यात जातो, शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. तरी एखाद्या कारागिराजवळ थोडं थांबा. हंड्यावर मठारकाम चाललेलं असतं. दर ठोक्याला एक खळगी, आधीच्या खळगीला अगदी चिकटून. हंडा फिरला की उजेड त्या खळग्यांवरून पळत जातो. ही नुसती नक्षी नाही, ठोकून ठोकून पत्रा कडकही होतो. तसाच टुक-टुक आवाज मार्च-एप्रिलात झाडातून आला तर तो तांबट पक्षी. चिमणीएवढाच, पण गुबगुबीत, हिरवा, कपाळ लाल. पानांत पटकन सापडत नाही, मान मात्र दुखते. एप्रिल-मेमध्ये ताम्हण आणि बहावा फुलतात, ते शोधायला टेकडीवर जायचीही गरज नाही, सिग्नलला थांबल्या थांबल्या दिसतात. (हेल्मेटची काच पुसलेली असली तर.)

कृतज्ञतेची वही लिहू का, असंही विचारलंय. लिहा, पण रोज नको. एमन्स आणि मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला चांगल्या गोष्टी लिहिणारे लोक कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. मात्र ‘आरोग्य, कुटुंब, देवाची कृपा’ असं दर वेळी लिहिलंत तर वहीसुद्धा अंगवळणी पडेल. ‘मंडईत भाजीवालीनं न मागता मूठभर कोथिंबीर घातली’ असं लिहा.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. कशातच रस न वाटणं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते अध्यात्मावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. नातेवाइकांना काय वाटेल ते वाटू दे.

आणि पाण्याचं म्हणाल तर ती कुरकुर नव्हे, ते काम आहे. मनातल्या मनात रोज तेच बोलण्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. टाकीचा व्हॉल्व्ह किती वाजता सोडतात, तुमच्याकडे धार किती वेळ येते, तारखेनिशी लिहा, शेजारच्यांच्या सह्या घ्या. अर्जाची पोच मात्र तिथल्या तिथे मागून घ्या, नाहीतर पुढच्या मीटिंगला ‘असा अर्ज आलाच नाही’ म्हणतील.