अक्षता मुठीतच राहिल्या

पत्र : ताई, मी ३१ वर्षांची, ठाण्यात राहते. आमच्या ग्रुपमधल्या पाच लग्नांची धावपळ मीच केली. कार्यालय, केटरर, गुरुजी, गाड्या, सगळं माझ्याकडे. एकाही लग्नात माझ्या हातून अक्षता पडल्या नाहीत. मागच्या लग्नात पंगत उशिरा बसली, तर नवरी सगळ्यांदेखत म्हणाली, ‘तुझ्यावर विसंबले, चुकलंच माझं.’ फुलवाल्याला मी भरलेले ११ हजारही अजून मिळालेले नाहीत. आता डिसेंबरात नाशिकला माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं लग्न आहे. तिला बहीण नाही आणि तिनं मला गृहीतच धरलंय. नाही म्हटलं तर मैत्री तुटेल का?

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचलं आणि कोल्हापुरातलं एक कार्यालय डोळ्यांसमोर आलं. मैत्रिणीचं लग्न होतं आणि मी भटारखान्याच्या दारात ताटं मोजत उभी होते. भिंतीपलीकडे शेवटचं ‘सावधान’ झालं, वाजंत्री सुरू झाली. अक्षता माझ्या मुठीतच होत्या. घामानं त्यांचं कुंकू सुटून तळवा लाल झाला होता. नळाखाली हात धरला आणि रडूच फुटलं. म्हणून सांगते, तुझं दुःख खरं आहे.

पंगतीचं बोलणं मनातून काढून टाक. केटरर पैसे देणाऱ्याचंच ऐकतो, तुझ्या सांगण्यावरून तो पानं मांडायला घेत नाही. स्टेजवर फोटो लांबले की पंगत लांबते, हे काय तुझ्या हातात होतं? ११ हजारांचं मात्र मनात ठेवू नकोस. आजच बिलाचा फोटो पाठव आणि सरळ माग. जितके दिवस जातील तितकं ते तुझ्या जिभेवर जड होईल.

आता नाशिकचं. नाही म्हणूच नकोस, दुसरं काहीतरी माग. तिला बहीण नाही ना? मग करवलीचा मान माग. करवलीनं नवरीच्या मागे कलश घेऊन उभं राहायचं असतं, तिला केटररचे फोन घेता येत नाहीत. गौरीहरापाशी बसलेल्या नवरीला मामा घेऊन येतो, अंतरपाट धरला जातो, त्या वेळी तू तिच्या पाठीशी हवीस. मुहूर्ताच्या घाईत तुला हाक मारायची कुणाला सोयच राहणार नाही.

याद्या, साड्या, रुखवत, आदल्या दिवसापर्यंतची मदत तू हौसेनं कर, तुझा हात त्यात बसलाय. लग्नाच्या दिवसाचं काम मात्र वाटून दे. ताटांच्या हिशेबावर सही तिच्या काकांनी किंवा भावानं करायची. दागिन्यांच्या खोलीची किल्ली मामीकडे. बाकीचं कार्यालयाच्या मॅनेजरला विचारायचं, त्याचं भाडं भरलेलंच असतं. कोण काय बघणार हे एका कागदावर लिहून तो तिच्या आईच्या हातात आठ दिवस आधी दे.

मैत्री तुटेल का म्हणतेस. इतकी जवळची आहे, तर तुझ्या मनात काय चाललंय ते तिला बहुधा ठाऊकच नाही, कारण प्रत्येक लग्नात तू हसत हसत धावलीस. व्हॉट्सॲपवर लिहू नकोस. तिला केळवणाला घरी बोलाव, पाटावर बसव, ओवाळ, पोटभर जेवू घाल. मग साडीची घडी हातात देताना सांग, ‘तुझ्या लग्नात मला तुझ्यामागे उभं राहायचंय.’