1977 ची लोकसभा अडीच वर्षांतच बरखास्त झाली, मग त्या निवडणुकीतून लोकांना काय मिळालं? जनता पक्ष एवढ्या लवकर का फुटला?

तुमच्या प्रश्नातलं ते 'मग काय मिळालं' वाचलं आणि लिहायला बसले. आमचा दादा मला 1979 पासून हेच विचारतोय. तो फक्त आधी 'तुमच्या जनतेनं' असं जोडतो.

1977 च्या मार्चमध्ये मी 20 वर्षांची होते. मतदानाचं वय तेव्हा 21, त्यामुळे मला मत नव्हतं. मत नव्हतं म्हणूनच की काय, अंगात जोर दुप्पट होता. आम्ही गोरेगावचे, म्हणजे उत्तर मुंबई मतदारसंघ, आणि उमेदवार मृणालताई गोरे. त्यांना 'पाणीवाली बाई' उगाच म्हणत नसत. आमच्या चाळीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन त्यांच्या मोर्चाला गेलेल्या होत्या, त्यात आमची आईही होती.

18 जानेवारीला निवडणूक जाहीर झाली आणि 23 जानेवारीला जनता पक्ष जाहीर झाला. संघटना काँग्रेस (इंदिराबाईंच्या विरोधातली जुनी काँग्रेस), जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी, चौघांची मोट. नेते नुकते तुरुंगातून सुटलेले. पक्षाला स्वतःचं चिन्हसुद्धा नव्हतं, म्हणून लोकदलाचं घेतलं: चक्राच्या आत नांगर खांद्यावर घेतलेला शेतकरी. हे चित्र रात्री साडेदहा वाजता, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, गेरूत बुडवलेल्या कुंचल्यानं भिंतीवर काढून बघा म्हणजे कळेल. काँग्रेसची गाय-वासरूही सोपी नव्हती, पण चार पाय आणि शिंगं काढली की गाय ओळखू तरी यायची. आमच्या शेतकऱ्याचा नांगर छत्रीसारखा दिसायचा. सकाळी दूध आणायला निघालेल्या एका आजोबांनी विचारलं, "हा पावसात कुठे निघालाय?" शेवटी आम्ही बायकांना एवढंच सांगायला लागलो: चाकातला माणूस दिसला की त्यावर शिक्का मारा.

दादा तेव्हा 26 चा, नुकता बँकेत चिकटलेला. आणीबाणीवर एकदम खूश. गाड्या वेळेवर येतात, हापिसात माणसं जागेवर सापडतात, संप नाहीत, आणखी काय पाहिजे? माझे गेरूनं माखलेले हात बघून म्हणायचा, "इंदिराबाई हरणार नाहीत. लिहून ठेव." मतदानाच्या रात्री जेवताना मी त्याला वाढत होते. आमटीची वाटी पुढे करताना त्याच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. तर्जनी स्वच्छ. नखाच्या कडेलाही शाईचा ठिपका नाही. मी काही बोलले नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

20 मार्चला मोजणी सुरू झाली. चाळीत गॅलरीभर माणसं, मधे एक ट्रान्झिस्टर. निकाल रखडत येत होते आणि रायबरेलीचं नाव कोणी घेत नव्हतं. ती बातमी आली मध्यरात्र उलटल्यावर: इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून 55,202 मतांनी पराभूत. अमेठीत संजय गांधीही गेले. मुंबईच्या सहाच्या सहा जागा काँग्रेसनं घालवल्या. खाली रस्त्यावर घोषणा चालली होती, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' दादा घरात डोक्यावरून चादर घेऊन पडला होता. झोपला नव्हता, कारण प्रत्येक आरोळीला कूस बदलत होता. 21 तारखेला आणीबाणी उठली.

पक्ष का फुटला, तर माझं मत सरळ आहे: म्हाताऱ्यांच्या अहंकारापायी. मोरारजी, चरणसिंग आणि जगजीवनराम, तिघांनाही पंतप्रधान व्हायचं होतं. निवड जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी या ज्येष्ठांवर सोपवली. त्यांनी मोरारजींना निवडलं, तेच बाकी दोघांना आयुष्यभर सललं. त्यात पूर्वीच्या जनसंघीयांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं सदस्यत्व सोडावं की नाही, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद. समाजवादी मधू लिमयांनी तो धरून ठेवला. मुद्दा खोटा नव्हता, पण हेच लोक पक्षात येताना तो ठाऊक नव्हता का? जुलै 1979 मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी अविश्वासाचा ठराव आणला. मंत्री जॉर्ज फर्नांडिसांनी सभागृहात सरकारची जोरदार बाजू मांडली आणि लगेच सरकारातून बाहेर पडले. 15 जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. मग चरणसिंग पंतप्रधान झाले, तेही इंदिराबाईंच्या पाठिंब्यावर! चव्हाण त्यांचे उपपंतप्रधान. बाईंनी पाठिंबा काढला आणि चरणसिंग पंतप्रधान म्हणून लोकसभेला एकदाही सामोरे न जाता 20 ऑगस्टला गेले. 22 ला लोकसभा बरखास्त. त्या महिनाभरात दादानं माझा जो छळ केला तो सांगत नाही.

आता काय मिळालं. 1971 साली निवडून आलेल्या लोकसभेची मुदत मार्च 1976 ला संपत होती. आणीबाणीच्या जोरावर ती एकेक वर्ष करत दोनदा वाढवली. मधू लिमये आणि शरद यादव यांनी त्याच्या निषेधार्थ खासदारकी सोडली, बाकीचे बसून राहिले. पुढे 42 व्या घटनादुरुस्तीनं मुदतच सहा वर्षांची केली. ती परत पाच वर्षांची केली ती या 'फुटक्या' लोकसभेनं, 44 व्या घटनादुरुस्तीत. त्याच दुरुस्तीत आणीबाणीचं 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र बंड' घातलं आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी सही करू नये असं ठरवलं. 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली होती आणि मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणून ही अट. शिवाय जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, हेही त्यातच. राज्यसभेत तेव्हा काँग्रेसचं बहुमत होतं, तिथे काही कलमं उडाली, तरी एवढं पदरात पडलं. अडीच वर्षांत एवढं बस्स आहे, असं मी दादाला दर दिवाळीला सांगते.

दादाला मात्र घटनादुरुस्ती दिसत नाही. ठीक. त्याला दिसेल असं सांगते. रेल्वेमंत्री होते आमचे कोकणचे मधू दंडवते, राजापूरचे खासदार. डिसेंबर 1977 मध्ये त्यांनी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. वरचा वर्गच नसलेली गाडी, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम. 1978 च्या उन्हाळ्यात चुलतबहिणीच्या लग्नाला दादा याच गाडीनं नागपूरला गेला. परत आल्यावर आईला म्हणाला, "यावेळी पाठ धरली नाही गं." मी विचारलं, "फोम कोणी घातला?" तर म्हणे, "रेल्वेनं." गाड्या वेळेवर आल्या की ते श्रेय बाईंचं, आणि पाठीखाली फोम आला की तो रेल्वेचा!

आता मलाही खरं बोललं पाहिजे. 'देशानं हाकललं' असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले, पण ते उत्तरेपुरतं खरं. उत्तर प्रदेशच्या 85 आणि बिहारच्या 54 जागांत काँग्रेसला एकही नाही, आणि आंध्रात मात्र 42 पैकी 41. महाराष्ट्रात 48 पैकी काँग्रेस 20, जनता 19, शेतकरी कामगार पक्ष 5. विदर्भ बराचसा काँग्रेसकडेच राहिला. आणि डिसेंबर 1978 मध्ये, चिकमगळूरची पोटनिवडणूक जिंकून आलेल्या इंदिराबाईंना हक्कभंगावरून सभागृहातून काढून तुरुंगात टाकलं, तो तर शुद्ध मूर्खपणा होता. आठवड्याभराच्या तुरुंगानं बाईंना जी सहानुभूती मिळाली ती दहा सभांनी मिळाली नसती. जानेवारी 1980 मध्ये 353 जागा घेऊन त्या परत आल्या. दादानं पेढे आणले होते. मी एक खाल्ला, चांगला होता.

तुमच्या घरातही कोणी मोठं माणूस 'त्या लोकसभेनं काय दिवे लावले' म्हणत असेल, तर आधी विचारा की 77 ला मत दिलं होतंत का. मी हा प्रश्न जवळजवळ 50 वर्षं राखून ठेवला होता. गेल्या गणपतीत आरतीनंतर पुन्हा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांसमोर विचारला. दादा आता पंचाहत्तरीला आला. म्हणाला, "दिलं होतं. शाई लिंबानं घासून काढली होती." मी म्हटलं, "निवडणुकीची शाई लिंबानं जात असती तर माझे गेरूचे हातही गेले असते. दोन आठवडे पोळ्या लाटताना आईची बोलणी खाल्ली मी." तो काहीतरी बोलणार तेवढ्यात आतून मोदकांचं ताट घेऊन वहिनी आली.

"त्यांना काय विचारता वन्सं," ती म्हणाली, "लग्नापासून बघतेय, मतदानाची सुट्टी लागली की आम्ही लोणावळ्याला."