गोव्यातल्या बंद असणाऱ्या जुन्या घराला कॅमेरे: वायर्ड की वायरलेस?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीजवळ वडिलोपार्जित घर आहे, तुम्ही पुण्यात असता, चतुर्थीला येता आणि बाकी बरेच महिने कुलूप असतं. मी फोंड्याकडचा, आमचं घरही त्याच वळणाचं, त्यामुळे सरळ सांगतो: वायर्डच घ्या, आणि त्यातही पीओईवाले, म्हणजे ज्यांना करंट नेटवर्कच्या केबलमधूनच मिळतो ते.

कारण भिंती. चिऱ्यांच्या जाडजूड दोन भिंती पार करून वायफाय मागच्या पडवीत पोचेपर्यंत अर्धमेलं होतं. वायफायचा ५ गिगाहर्ट्झवाला बँड तर विसराच, २.४ वालं त्यातल्या त्यात आत शिरतं पण पावसाळ्यात भिंती पाणी पिऊन बसल्या की तेही रडतं. आणि दुकानात वायरलेस म्हणून देतात त्या बहुतेक कॅमेऱ्यांनाही अडॅप्टर लागतोच, म्हणजे लाइटचा पॉइंट काढायचाच आहे, मग एकच कॅट६ नावाची नेटवर्क केबल ओढा ना, तिच्यातूनच करंटही जातो आणि चित्रही येतं, १०० मीटरपर्यंत आरामात. बॅटरीवाले कॅमेरे हालचाल झाली की जागे होतात, कधीकधी माणूस निघून गेल्यावर त्याची पाठ दिसते. शिवाय बंद घरात चार्जिंगला लावणार कोण? सोलर पॅनल म्हणाल तर जून ते सप्टेंबर माडाफणसांच्या सावलीत त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची.

खरी गोष्ट लाइटची आहे. आपल्याकडे पावसात फांदी पडली की लाइट गेलीच. पीओईत सगळं एका जागेवरून चालतं, त्यामुळे एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी), पीओई स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबली जिथे जोडतात आणि करंट मिळतो तो डबा) आणि फायबरचा राउटर हे तिन्ही एका यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर टाकलं की कॅमेरे चालू राहतात. राउटर विसरू नका हां, नाहीतर रेकॉर्डिंग चालू असतं पण तुम्हाला पुण्यात मोबाइलवर काहीच दिसत नाही.

दुसरा शत्रू वीज, म्हणजे आकाशातली. मे-जूनला पाऊस लागताना आणि परत ऑक्टोबरला जाताना जो गडगडाट होतो त्यात लांब तांब्याची केबल म्हणजे आमंत्रणच. अर्थिंग नीट तपासून घ्या, सर्ज प्रोटेक्टर लावा. थेट वीज पडली तर तेही काही करू शकत नाही ते वेगळं. म्हणूनच फाटक किंवा गोठा घरापासून सुटा असेल तर तिथे मात्र मी वायरलेसच म्हणेन, तिथला कॅमेरा तिथल्याच लाइटवर ठेवा आणि त्याच्या समोर पडवीत राउटरचा एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुढे पोचवणारा डबा) लावा, म्हणजे बाहेरची तांब्याची केबल घरातल्या मशीनला जोडलीच जात नाही.

केबल शुद्ध तांब्याचीच मागा. सीसीए म्हणून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, लांब ओढली की व्होल्टेज पडतं. जोड उघडे नकोत, जंक्शन बॉक्स पाहिजे, आणि केबल भिंतीत शिरण्याआधी खाली थोडा झोल सोडा म्हणजे पाणी तिथून गळून जातं. कॅमेरा आयपी६७ बघा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा. कौलं परतायला माणूस वर चढतो तेव्हाच माळ्यावरून केबल टाकून घेतली तर भिंती फोडाव्या लागत नाहीत.

हार्ड डिस्कचा हिशोब: २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) २ एमबीपीएसने चोवीस तास धरला तर दिवसाला साधारण २१ जीबी, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबी जेमतेम ११ दिवस. तुम्ही महिनोन्‌महिने येत नाही, ४ टीबी घ्या, आणि सीसीटीव्हीसाठी असते तीच डिस्क. एनव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर आधी तोच उचलतो. पासवर्ड बसवणाऱ्या पोराने ठेवलेला तसाच राहू देऊ नका.

रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड लाइटसमोर किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो, जाळं लेन्ससमोर, आणि मोबाइलवर रात्रभर अलर्ट. याला इलाज एकच, शेजाऱ्याला सांगून अधूनमधून झाडू मारून घेणं. त्याच शेजाऱ्याच्या अंगणाकडे कॅमेऱ्याचं तोंड करू नका म्हणजे तो मारेलही.

बजेट अगदीच कमी असेल तर डीव्हीआर आणि कोॲक्सवाला (टीव्हीच्या केबलसारखी जुनी केबल असलेला) सेट चालेल, वाईट नाही, फक्त त्या केबलच्या टोकाचे बीएनसीचे जोड दमट हवेत गंजतात. आणि पणजी-मडगावात दोन खोल्यांचा फ्लॅट असता तर एवढं पुराण लावलंच नसतं, दाराकडे तोंड करून एक वायफाय कॅमेरा आणि त्यात मेमरी कार्ड, झालं काम.