खाडीतलं प्रेत धरणात टाकू नकोस

‘प्रेत दाभोळच्या खाडीत कशाला? मुळशी धरणात टाका, युनिट पुण्यात राहील, पैसे वाचतील,’ असं तुझ्या गुन्हेमालिकेचा निर्माता म्हणाला. आणि तू मला विचारतेस, गोष्टीला फरक पडेल का? तूच लिहिलेल्या भागात प्रेत ओहोटीला खाडीपलीकडच्या धोपाव्याच्या बाजूला जातं आणि भरतीला परत येतं. अगं, धरणाच्या पाण्याला भरती कुठली? तुझा संशयित त्या सहा तासांच्या हिशेबावरच तर सुटतो!

गुन्हा जागेतून आला पाहिजे. ‘द वायर’ या अमेरिकी पोलीस मालिकेच्या दुसऱ्या सीझनची (२००३) सुरुवात आठव. बाल्टिमोरच्या पाण्यात एका बाईचं प्रेत सापडतं, वरिष्ठ ते शेजारच्या काउंटीच्या गळ्यात मारतात. शिक्षा म्हणून बोटीवर बदली झालेला पोलीस मॅकनल्टी भरती-ओहोटीचे तक्ते घेऊन बसतो आणि केस शहराच्याच हद्दीतली ठरवतो. निव्वळ खुन्नस म्हणून, बरं का. मालिका लिहिणारा डेव्हिड सायमन त्या शहरात क्राइम रिपोर्टर होता, त्याचा साथीदार एड बर्न्स तिथल्या पोलिसांत. असा प्रसंग हॉटेलच्या खोलीत बसून सुचत नाही.

निर्माता तुला ‘ब्रेकिंग बॅड’चं उदाहरण देईल. सगळे देतात. कथा आधी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडची होती, न्यू मेक्सिकोच्या करसवलतीमुळे आल्बुकर्कीला गेली. खरं आहे. पण मग ड्रग्जचा माल वाळवंटात शिजला, पैसे वाळवंटात पुरले गेले, सरहद्दीपलीकडच्या टोळ्या दारात आल्या. ‘द ब्रिज’ ही सरहद्दीवरच्या प्रेताची मालिका (२०११) डेन्मार्क-स्वीडनमधून अमेरिका-मेक्सिकोत नेली, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात नेली. दोन्हीकडे प्रेत ठेवायला आधी सरहद्द शोधली. जागा बदलायची तर गुन्हाही बदल. गुन्हा जागेतूनच आला पाहिजे, पुन्हा सांगतो.

मी याच मुद्द्यावर एक मालिका सोडली. गोष्ट विदर्भातली, मे महिन्यातली. भर दुपारी रस्ता ओस, म्हणून खुनाला साक्षीदार नाही. वाहिनीने ती ठाण्यातल्या बंगल्यात, संध्याकाळी घ्यायची ठरवली. मग साक्षीदार का नाही, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं आणि कोणाला त्याची फिकीरही नव्हती. पुढे बरीच वर्षं मी सासू-सुनांचे संवाद लिहून घर चालवलं. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? लोक अजून हेकट म्हणतात. म्हणू देत. त्या गोष्टीत ऊन हाच आरोपीचा जोडीदार होता, तो काढून मी काय लिहिणार होतो?

आणि तुझंही चुकलंय. गोष्ट डिसेंबरात का ठेवलीस? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत रात्री खाडीत इंजिनाचा आवाज झाला तर गावभर कळतं. एवढं आयतं मिळालेलं सोडून दिलंस!

मुळशीच हवी असेल तर मुळशीचा गुन्हा शोध. सेनापती बापटांचा त्या धरणाविरुद्धचा १९२१ चा सत्याग्रह वाच. त्या पाण्याखाली गावं गेली आहेत आणि काठावर आता वीकेंडचे बंगले आहेत. जमिनीच्या कागदांवरून तिथे काय काय होऊ शकतं! पण ती वेगळी मालिका, तिचे वेगळे पैसे माग.

निर्मात्याला उत्तर द्यायच्या आधी दाभोळला जाऊन ये. शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते आणि ती चुकलेला माणूस चिपळूणचा वळसा घेतो की काठावरच झोपतो, ते जेटीवर विचार. मग मला फोन कर.